थोरलीचा बफर

“मागे राहिली! ताई, बघा ना, मागे राहिली!”

धाकटी खुर्चीतून अर्धी उठून ओरडली आणि लॅबमधले सगळे हातातली कामं टाकून तिच्या पडद्यासमोर गोळा झाले. कोणी मागे राहिलं म्हणून टाळ्या पडाव्यात अशी जागा जगात बहुधा ही एकच असेल. पडद्यावर दोन ठळक रेघा चमकत होत्या. खालची रेघ नुसत्या डीएनएच्या तुकड्याची. तो हलका, म्हणून विजेच्या ओढीने जेलच्या, म्हणजे घट्ट जेलीसारख्या थरातून सरसर खाली उतरलेला. वरची रेघ त्याच तुकड्याची, पण त्याला प्रोटीनने घट्ट धरलेलं, म्हणून तो जड होऊन वाटेतच रेंगाळलेला. प्रोटीन डीएनएला धरतं की नाही, हे डोळ्यांनी बघायचा हा साधा उपाय. ती वरची रेघ दिसावी म्हणून ही लॅब दोन वर्षं डोळे लावून बसली होती.

थोरली बेसिनपाशी काचा धूत होती. हाक तिला नीट ऐकू आली होती. तिने नळ आणखी सोडला आणि धुतलेलीच काच पुन्हा घासायला घेतली.

या दोघींची ही नावं कोणी पाडली ते कोणाला आठवत नव्हतं, पण पाडणाऱ्याची नजर पक्की होती. लॅब म्हणजे तरी दुसरं काय, एक सासरच. सर सासऱ्यांच्या जागी, तक्रार नसली की खोलीतून बाहेर न येणारे. थोरली म्हणजे जिच्या कमरेला सगळ्या किल्ल्या, जिला विचारल्याशिवाय फ्रीज उघडत नाही आणि जिच्या हाताखालून लॅबमधला प्रत्येक जण शिकून गेलेला. धाकटी मागाहून आलेली, हसरी, चटपटीत, आणि बघता बघता सासऱ्यांची लाडकी झालेली. मग जावाजावांत जे व्हायचं ते झालं. खरं म्हणजे एकाच बाजूने झालं. धाकटीला त्याचा पत्ताही नव्हता, आणि थोरलीला याचाच जास्त राग येई.

“थोरल्या बाई, अहो या की,” सरांनी हाक मारली. “तुमच्याच बाळाची रेघ आहे.”

थोरली हात पुसत आली. सगळ्यांनी तिला वाट करून दिली. तिने रेघ पाहिली. इतकी रेखीव, की खोट काढायला जागा शोधावी लागली.

“नमुना जरा जास्त घातलायस,” ती म्हणाली.

“हो ना ताई? मलाही वाटलंच. पुढच्या वेळी कमी घेते.” धाकटीने इतक्या मनापासून मान डोलावली की थोरलीच्या जिभेवरचं पुढचं वाक्य तिथेच विरलं.

“हातगुण असतो शेवटी,” सर धाकटीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले.

थोरलीच्या काळजात चर्र झालं. हा शब्द तिचा होता. कोणाचा प्रयोग अडला की तो आपल्या नळ्या घेऊन तिच्याकडे यायचा, “ताई, जरा तुमचा हात लागू दे,” म्हणायचा, आणि प्रयोग चालायचा. पगारवाढ झाली नाही तेव्हा, बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा, तिने याच शब्दावर स्वतःची समजूत घातली होती. आज तो शब्द सरांनी तिच्या देखत उचलून दुसरीच्या ओटीत टाकला.

“काय म्हणते तुझी जाऊ?” संध्याकाळी नवऱ्याने विचारलं. तो गाडी चालवायला शिकवायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांना सोसून घरी आला की त्याला थट्टेची लहर येई.

“तिचा जेल आला.”

“आला? मी तर समजत होतो जेलमधून सुटतात.”

एरवी ती हसली असती. आज तिने ताट जरा जोरात ठेवलं. नवऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने जेवायला सुरुवात केली.

बाळ म्हणजे काय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. याच टेबलावर तिने एकदा स्वतःचा पंजा पसरून त्याला ते समजावलं होतं. प्रोटीन म्हणजे एक लांब साखळी, आपली आपण लुळी. पण या साखळीत ठरावीक ठिकाणी चार चिमट्यांत जस्ताचा एकेक अणू धरलेला असतो. “जस्त म्हणजे पत्र्याला लावतात ते?” त्याने विचारलं होतं. “तेच. पण एका बोटाला एकच अणू.” त्या अणूभोवती साखळी दुमडते आणि तिचं बोट होतं, ताठ, कामाचं. अशी बोटं ओळीने डीएनएच्या खाचेत शिरतात, अक्षरं चाचपतात, आणि ओळखीची जागा लागली की तिथे धरून बसतात. मग तिथलं जनुक चालू तरी होतं, नाहीतर बंद. काही प्रोटीनं जनुकं चालू करतात, काही बंद करतात. बाळ बंद करणाऱ्यांपैकी. आईच्या पोटात असताना आपलं रक्त वेगळं असतं. ते रक्त बनवणारं जनुक जन्मानंतर थांबवायचं, हे त्याचं काम. रक्ताचे काही आजार असे आहेत की हेच जुनं जनुक पुन्हा चालू झालं तर माणूस बरा जगेल. म्हणून बाळाची बोटं नेमकी कशी धरतात हे कळायला हवं होतं.

“म्हणजे आमच्या गाडीसारखंच की,” नवरा तेव्हा म्हणाला होता. “स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, पण एक ब्रेक माझ्या पायाखाली.” हे तिला इतकं आवडलं होतं की दुसऱ्या दिवशी तिने ते सगळ्या लॅबला सांगितलं होतं.

बाळाची ही साखळी बनवणारं जनुक जिवाणूत घालून पहिल्यांदा प्रोटीन काढलं ते तिने. गाळलं तिने, थंडीत सांभाळलं तिने. बाळ हे नावही तिचंच. फक्त बाळ तिच्या जेलमध्ये डीएनए धरून दाखवत नव्हतं. रेघेच्या जागी नुसता फराटा उमटे, जणू पकडलेलं वाटेत सोडून दिलं. तिने वेगळ्या तापमानाला करून पाहिलं, प्रोटीन नव्याने काढून पाहिलं, डीएनएचा तुकडा बदलून पाहिला. फराटा काही जाईना.

आणि मग धाकटी आली.

जेलच्या टाक्यांच्या वरच्या फळीवर नळ लावलेला एक मोठा कॅन असे. त्यात टाक्यांमध्ये ओतायचा बफर भरलेला असायचा. जेलमधून वीज खेळवायची तर भोवती हे पाणी लागतंच. दर सोमवारी थोरली तीन पावडरी मोजून तो बनवायची. सगळे त्याला थोरलीचा बफर म्हणायचे आणि सगळे तोच वापरायचे. धाकटीने पहिल्याच आठवड्यात त्या कॅनमधून बफर घेतला आणि नळ नीट बंद केला नाही. फरशीवर ओघळ आला.

“माझ्या कॅनला हात लावायचा नाही,” थोरली सगळ्यांसमोर म्हणाली होती. “तुझा बफर तू करून घे.”

ओघळ हे निमित्त. त्याच सकाळी सरांनी बाळाच्या कामातला अर्धा वाटा धाकटीला दिला होता, आणि थोरलीला ते दुसऱ्याकडून कळलं होतं. धाकटी “सॉरी ताई” म्हणाली. कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक लहान टाकी तिने धुऊन घेतली आणि तिच्या जुन्या कॉलेजात शिकवलेला साधा, दोनच पावडरींचा बफर करून त्यात जेल लावायला सुरुवात केली. थोरलीने त्या टाकीचं नाव डबकं ठेवलं. लॅब खो खो हसली. धाकटीही हसली, आणि पुढे स्वतःच डबकं म्हणू लागली.

त्या डबक्यात रेघ आली. एकदा आली म्हणून योगायोग म्हणावा, तर परत परत आली.

मग एक दिवस सरांनी थोरलीला खोलीत बोलावलं. समोर बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच तिला कळलं की काहीतरी कडू येतंय.

“समिती येतेय आपलं काम बघायला,” सर म्हणाले. “यापुढे बाळ जिवंत पेशींत घालून बघायचं. ते काम एकाच हातात द्यायला हवं. दोघींत वाटून चालणार नाही.”

“बाळ माझं आहे, सर.”

“मला माहीत नाही का? पण तुमच्याकडून रेघ येत नाही, तिच्याकडून येते. मी समितीला काय सांगू?” त्यांनी चष्मा काढून पुसला. “असं करू. त्यांच्यासमोर धाकटी मोठा जेल करून दाखवेल. आला, तर पुढचं काम तिच्याकडे. फसला, तर तुमच्याकडे. मग मी कोणाचं ऐकणार नाही.”

थोरली “बरं” म्हणून उठली. जिन्यात येईपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. इतकी वर्षं राबले मी, आणि फळ खाणार ही? नक्कीच काहीतरी लबाडी आहे. काहीतरी गुपचूप घालतेय, नाहीतर फोटोत फेरफार करतेय. ते शोधून काढल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही, असं तिने ठरवलं.

शनिवारी दुपारी लॅब रिकामी असते. थोरलीने दार लोटून घेतलं, धाकटीच्या नळ्या बाहेर काढल्या आणि आपल्या नेहमीच्या टाकीत जेल लावले. मन लावून एखाद्याची वाटणी हिसकावायची असली की माणूस किती टापटिपीने काम करतो, ते तिच्याकडे बघून कळलं असतं. धाकटीचं प्रोटीन, आपला डीएनए: फराटा. आपलं प्रोटीन, धाकटीचा डीएनए: फराटा. धाकटीचंच दोन्ही, धाकटीच्याच पिपेटने: तरीही फराटा. थोरली चक्रावली. लबाडी असती तर नळीत असती. नळीत तर काहीच नव्हतं.

तिची नजर डबक्यावर गेली. तिला स्वतःचंच हसू आलं. तरी तिने आपलं प्रोटीन आणि आपला डीएनए घेऊन एक छोटा जेल डबक्यात लावला, वर धाकटीच्या बाटलीतला बफर ओतला आणि वीज सुरू केली. वाट बघत ती खिडकीशी उभी राहिली. खाली रस्त्यावर एक बाई मुलाला सायकल शिकवत होती आणि दर वेळी तो पडायच्या आधी स्वतःच ओरडत होती.

फोटो पडद्यावर आला. वर एक रेघ होती. रेखीव, ठळक, मागे राहिलेली.

“आलं गं माझं बाळ,” थोरली मोठ्याने म्हणाली आणि रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकून दचकली. तिचे डोळे भरून आले. तिच्याच हातचं प्रोटीन होतं ते, पहिल्या दिवसापासून चांगलं होतं.

मग हळूहळू बाकीचं तिच्या लक्षात आलं आणि ती स्टुलावर बसली.

तिच्या कॅनमधल्या बफरात तीन पावडरी असत. तिसरी एडीटीए. डीएनएवर काम करणारे ती डोळे मिटून घालतात, कारण ती पाण्यातले धातूचे कण पकडून ठेवते आणि धातू मिळाला नाही की डीएनए कुरतडणारी एन्झाइमं उपाशी पडतात. पण जस्तही धातूच. बाळाच्या बोटांतलं जस्त ती चालत्या जेलमध्ये एकेक करून उपटून घेत होती. बोटं लुळी पडत होती आणि धरलेला डीएनए वाटेत सुटत होता. तो फराटा म्हणजे हे.

थोरलीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. बाळ ज्या पाण्यात राहतं त्यातून एडीटीए तिने पहिल्याच दिवशी हद्दपार केलं होतं. फ्रीजच्या दारावर तशी चिठ्ठीही तिनेच डकवली होती. पण टाकी ही तिच्या डोक्यात डीएनएची होती. शिकायला लागल्यापासून टाकीत हाच बफर ओततात, तसा तिने ओतला. बाळाला तिथूनच जावं लागतं, हे सोमवारामागून सोमवार तिच्या डोक्यात आलंच नाही.

आणि धाकटी? तिला तरी कुठे काय माहीत होतं. तिला कॅनपासून हाकललं म्हणून ती डबक्याकडे गेली. हाकललं नसतं, तर आज तीही तिच्या शेजारी बसून फराटेच मोजत असती. थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. ज्या हातगुणावर ती जळत होती, तो तिच्याच खाष्टपणाने धाकटीला मिळवून दिला होता.

सोमवारी सरांना सांगायचं, एवढं तिने ठरवलं. सोपं होतं. सर, हात बिघडला नव्हता, बफर चुकला होता, ही माझी रेघ, माझं बाळ मला द्या. रविवारी दिवसभर ती हे वाक्य मनात घोळवत राहिली, आणि दर वेळी सरांचा पुढचा प्रश्न त्याला येऊन चिकटे. मग तिने वेगळा बफर का वापरला, थोरल्या बाई? सगळ्या लॅबला तो दिवस आठवला असता. शिवाय दोन वर्षं आपणच बाळाची बोटं मोडत होतो, हे आपल्या तोंडाने सांगायचं.

“तू कधी कोणाला मुद्दाम नापास होऊ दिलंस का रे?” तिने नवऱ्याला विचारलं. तो बुटांना पॉलिश करत होता.

“एकदा वाटलं होतं.”

“का?”

“माझ्याहून चांगली चालवत होता पठ्ठ्या. चौथ्या दिवसापासून. वर मला म्हणतो, सर, तुम्ही वळण जरा उशिरा घेता.” त्याने बूट उजेडात धरून पाहिला. “परीक्षेआधी सराव चालला होता. ब्रेक पायाखाली असला ना, की पाय तिथेच वळवळतो. एकदा हळूच दाबला असता, तर त्याला वाटलं असतं आपलंच चुकलं. पोराचा धीर सुटला असता.”

“मग?”

“मग काय! पाय उचलले आणि सीटवर मांडी घालून बसलो. तो विचारतो, सर, पाय दुखतात का? म्हटलं, हो बाबा, दुखतात.”

ती हसली नाही, पण तिने दुसरा बूट उचलून त्याच्या हातात दिला.

सोमवारी ती बोलली नाही. मंगळवारीही नाही. समिती येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी मोठी टाकी दोन्ही हातांत धरून तिच्यापाशी आली. सगळे जण होते. सरही काहीतरी विचारायला म्हणून दारात आलेले.

“ताई, एक मागू?” धाकटी म्हणाली. “उद्या मोठ्या टाकीत करायचंय. माझं डबकं नाही पुरणार.” ती जरा थांबली. “आणि खरं सांगू का, उद्या बफर तुमचाच असावा असं वाटतं. बाळ तुमचं आहे. तुमच्या हातचं काहीतरी त्यात असलं की मला बरं वाटेल. तुमचा कॅन घेऊ का उद्यापुरता?”

हो, घे. एवढं म्हटलं की काम झालं होतं. उद्या सगळ्यांसमोर फराटा आला असता आणि बाळ परत तिच्या मांडीवर आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. उलट लोक म्हणाले असते, बघा, थोरलीने मन केवढं मोठं केलं, आपला कॅन दिला, पण पोरीचा हातच ऐन वेळी कापला. सर कौतुकाने बघत होते. त्यांना वाटत होतं, आज जावांचं मेतकूट जमतंय. धाकटी डोळ्यांत आशा घेऊन उभी होती, आणि त्या तोंडाकडे बघून थोरलीला तिचा असा काही हेवा वाटला, की तो रेघेचाही नव्हता आणि कामाचाही नव्हता. इतकं निर्मळ मागता येतं हिला, आपल्याला कधी आलं नाही, याचा होता.

“नाही,” थोरली म्हणाली.

“अं?”

“नाही मिळणार. बफर तुझा तू कर.”

धाकटीचा चेहरा उतरला. “ताई, फक्त उद्यापुरता हो.”

“एकदा सांगितलेलं कळत नाही का? वजनकाटा तिथे आहे, पावडरी तिथे आहेत. रोज करतेस तोच कर, दोन पावडरींचा. जास्त शहाणपणा करून त्यात आणखी काही घालू नकोस.”

“थोरल्या बाई,” सर दारातून म्हणाले, “निदान आज तरी...”

“मी माझं सांगितलं, सर.”

“मी काय वाईट केलंय हो तुमचं?” धाकटीचा आवाज फाटला. टाकी अजून तिच्या हातात होती. “आल्यापासून ताई ताई करतेय. सगळे म्हणतात ते मी कधी ऐकून घेतलं नाही. भांडले मी त्यांच्याशी तुमच्यासाठी.”

सगळे काय म्हणतात, ते विचारायची गरज नव्हती. फ्रीजपाशी कोणीतरी अर्धवट आवाजात “जळते नुसती” म्हणालंच. ते खोटं नव्हतं, म्हणून थोरलीने मान वर केली नाही.

धाकटी वजनकाट्यापाशी गेली. नाक ओढत, डोळे बाहीला पुसत तिने पावडरी मोजल्या. एक. मग दुसरी. थोरली आपल्या नळ्यांत डोकं घालून होती, पण तिचा एक कान आणि अर्धा डोळा त्या काट्यावर होता. धाकटीने दोनच डबे उघडले. ते जागेवर ठेवून ती पाणी ओतू लागली, तेव्हा कुठे थोरलीने आपल्या नळ्यांकडे पुरतं लक्ष दिलं.

दुसऱ्या दिवशी जेल आला. एक नाही, ओळीने सगळ्या रेघा आल्या, आणि जिथे मुद्दाम बोट बिघडवलेलं प्रोटीन घातलं होतं तिथे नेमकी आली नाही. समितीतल्या वयस्कर बाई पडद्याजवळ वाकल्या. “सुंदर,” त्या म्हणाल्या. “पण मग आधी इतकी वर्षं का येत नव्हता?”

“हातगुण असतो शेवटी,” सर म्हणाले, आणि सगळे हसले.

थोरली मागे भिंतीशी उभी होती. तिचं तोंड उघडलं होतं. बाई, हात नव्हे, टाकीतलं पाणी. एका वाक्याचं काम होतं, आणि ते विज्ञानाच्या बाजूचंही होतं. पण पुढे धाकटी उभी होती, रात्रभर न झोपलेली, नाक अजून लाल, आणि त्या एका शब्दाने तिचा चेहरा उजळला होता. थोरलीने तोंड मिटलं. हा चांगुलपणा होता की अब्रूची भीती, ते तिला विचारलं असतं तर तिलाही धड सांगता आलं नसतं.

बाळ सुपूर्द करायचं काम आठवडाअखेरीस झालं. खोल थंडीच्या फ्रीजरमधून थोरलीने बाळाच्या नळ्यांचा डबा काढला. जाड हातमोजे घालूनही बोटांना झोंबत होतं. झाकणाझाकणावर तिच्या अक्षरात खुणा होत्या. तिने डबा धाकटीच्या हातात दिला आणि दोन्ही हात खिशात घातले.

“थँक्यू, मॅडम,” धाकटी म्हणाली.

शब्दात उद्धटपणा नव्हता, रागही नव्हता. ऑफिसात ज्यांच्याशी काही नातं नसतं त्यांना म्हणतात, तसं म्हटलेलं मॅडम. या लॅबमध्ये आजवर थोरलीला कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

“याबद्दल काही सांगायचंय का, मॅडम? म्हणजे सांभाळताना लक्षात ठेवायचं असं काही?”

फ्रीजर उघडा होता. वाफ दोघींच्या मधून खाली उतरत होती. सांगितलं नाही, तर कधीतरी दमलेल्या दिवशी ही पोर कोणाच्या तरी कॅनमधून बफर ओतेल आणि बाळाची बोटं पुन्हा गळतील. सांगितलं, तर हिला गणित मांडायला वेळ लागणार नाही. थोरलीच्या मनात अजूनही हेवा होता, डबा तिच्या हातात बघून तर तो आणखीच डसत होता. पण बाळ आता तिकडे चाललं होतं.

“एडीटीए जवळ येऊ देऊ नकोस,” ती म्हणाली.

“हो. ती चिठ्ठी आहे फ्रीजवर.”

“नळीतच नाही. टाकीतही नको. जेल चालवतानाही नको. कधीच.”

“बरं, मॅडम.”

धाकटी डबा छातीशी धरून वळली. दारापाशी ती थबकली. तिची पाठ थोरलीकडे होती. मान जराशी कलली, एखादं जुनं वाक्य आठवू पाहणाऱ्या माणसाची कलते तशी. आता वळेल, थोरलीला वाटलं. ती वळली तर काय म्हणायचं, हे तिला मुळीच सुचत नव्हतं.

“अगं ये ना, नळ्या वितळतील!” आतून कोणीतरी हाक मारली.

“आले,” धाकटी म्हणाली आणि गेली.

थोरलीने हातमोजे काढले. बोटं गोठून आखडली होती, मिटेनात. तिने ती काखेत दाबून धरली आणि ऊब येईपर्यंत तशीच उभी राहिली.